पोळ्यानंतरचा ताप: स्क्रब टायफसचा जंतू पेशीत काय करतो आणि आपण केव्हा काय करायचं

पोळा होतो, वावरातलं गवत कमरेला लागतं आणि नागपूरच्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग लांबते. घरच्यांच्या मनात आधी डेंग्यू येतो, मग मलेरिया, मग टायफॉइड. स्क्रब टायफस हे नाव इथल्या घराघरांत पोचलं ते २०१८ च्या पावसाळ्यात. जिल्ह्यातल्या गावांतून आणि शेजारच्या भागांतून या आजाराचे रुग्ण मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत भरती होऊ लागले, तेव्हा. नाव आता ओळखीचं आहे, तरी निदान अजूनही उशिरा होतं.

उशिराचं मूळ जंतूच्या राहण्याच्या जागेत आहे. ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ हा जीवाणू आपल्या पेशींच्या आतच जगतो आणि तिथेच वाढतो. पेशीबाहेर त्याची वाढ होत नाही. कोणती तपासणी कोणत्या दिवशी कामाची, कोणतं इंजेक्शन वाया जाणार, खपली कुठे शोधायची, सलाईन किती चढवायचं, या सगळ्याची उत्तरं तिथून निघतात. म्हणून या लेखात पेशीतलं जीवशास्त्र आणि घरातली कामं वेगळी ठेवलेली नाहीत.

पहिलं काम: तारखा मांडा

कॅलेंडर घ्या आणि ताप पहिल्यांदा जाणवला तो दिवस नोंदवा. ‘तीन-चार दिवस झाले असतील’ असं नको, नक्की तारीख हवी. पुढे तपासणीचा अर्थ लावताना डॉक्टरांना तीच लागते.

आता त्या तारखेच्या ६ ते २१ दिवस मागे जा. जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत एवढा काळ जातो, बहुतेकदा १० ते १२ दिवस. ताप २० सप्टेंबरला आला असेल, तर ३० ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या काळात रुग्ण कुठे-कुठे गेला होता ते आठवायचं. सोयाबीनमध्ये निंदण केलं का? धुऱ्यावरचं गवत कापलं का? गुरं चारायला नेली होती का? काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत काम केलं का? शहरातल्या माणसालाही हेच विचारा. ले-आउटमधल्या रिकाम्या प्लॉटवरचं झुडूप साफ केलं, गवतावर बसून डबा खाल्ला, मुलं चेंडू आणायला झाडोऱ्यात शिरली, हेही पुरेसं असतं. डॉक्टर ‘बाहेरगावी गेला होता का?’ असं विचारतात आणि आपण ‘नाही’ म्हणतो, कारण स्वतःचं वावर कुणाला बाहेरगाव वाटत नाही. विचारलं नाही तरी शेताचं आपणहून सांगा.

गवताचं एवढं का विचारायचं, तर जंतू आणणारा जीव तिथे असतो. ‘चिगर’ म्हणजे एका जातीच्या माइटची, गोचिडासारख्या पण फार बारीक जीवाची, अळी. ती जेमतेम ०.२ मिलिमीटरची असते, डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. मोठे माइट मातीत राहतात आणि माणसाला चावत नाहीत. चावते ती फक्त अळी, आणि तीही आयुष्यात एकदाच पोट भरते. नेहमी ती उंदरा-घुशींवर चढते, माणूस चुकून वाटेत येतो. कपड्यांवरून चढत चढत ती नाडी, काख, जांघ अशा घट्ट किंवा मऊ जागी थांबते आणि दोन-चार दिवस तिथेच चिकटून पेशींमधला रस शोषते. दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. तिच्या लाळेतून जंतू कातडीत उतरतो.

जंतू आत गेल्यावर काय होतं

हा भाग जरा सावकाश वाचा. पुढच्या प्रत्येक सूचनेचं कारण इथे आहे.

कातडीत उतरलेल्या जंतूला पहिल्यांदा भेटतात त्या पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी. परक्याला गिळून मारणं हे त्यांचं काम. ओरिएन्शियाला गिळलं जाणं सोयीचंच असतं. त्याच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन आपल्या ऊतींमधल्या फायब्रोनेक्टिनला चिकटतं, फायब्रोनेक्टिन पेशीवरच्या इंटिग्रिन नावाच्या ग्राही प्रथिनाला चिकटतं, आणि पेशी त्याला आपल्या पटलाच्या, म्हणजे पातळ बाह्य आवरणाच्या, पिशवीत घालून आत ओढते. एरवी ही पिशवी पुढे आम्लधर्मी होते आणि पाचक रसांनी भरलेल्या लायसोसोमला जाऊन मिळते. तिथे बहुतेक जंतूंचा शेवट होतो. ओरिएन्शिया त्याआधीच पिशवी फोडून बाहेर, म्हणजे पेशीद्रवात, येतो.

इथे इतर जंतूंशी तुलना केली की चित्र स्पष्ट होतं. टायफॉइडचा साल्मोनेला पिशवीतच राहतो आणि ती पिशवीच राहण्याजोगी करून घेतो. क्षयाचा जंतू पिशवीची पुढची वाटचाल रोखून धरतो. लिस्टेरिया आणि शिगेला पिशवी फोडून पेशीद्रवात येतात आणि मग पेशीच्याच ॲक्टिन प्रथिनाचा शेपटासारखा झोत मागे तयार करून पुढे ढकलले जातात. त्या जोरावर ते थेट शेजारच्या पेशीत घुसतात, मध्ये बाहेरची हवा त्यांना लागतच नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या ‘इंडियन टिक टायफस’चा रिकेट्सियाही ॲक्टिनच वापरतो.

ओरिएन्शिया रिकेट्सियाचा जवळचा नातलग आहे, पण त्याची चाल निराळी. पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं आणि त्यावरून डायनिन हे प्रथिन माल केंद्रकाच्या दिशेने वाहून नेतं. ओरिएन्शिया या डायनिनला स्वतःला जोडून घेतो आणि केंद्रकाजवळ पोचतो. तिथे तो सावकाश वाढतो. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, याला एका दुपटीसाठी अनेक तास लागतात. चावल्यापासून ताप येईपर्यंत दहा-बारा दिवस जातात, त्यामागे हा संथपणा आहे. या काळात तो पेशीच्या धोक्याच्या संदेशांतही ढवळाढवळ करतो. त्याची काही प्रथिनं, संरक्षणाची जनुकं चालू करणारा एनएफ-कप्पा-बी हा घटक केंद्रकातून बाहेर काढतात. पेशी आतून भरत जाते आणि शरीराला पुरेसा इशारा जात नाही.

बाहेर पडण्याची रीत तर जीवाणूंमध्ये फार विरळ. तयार झालेले जंतू पेशीच्या काठाशी येतात, पटलाला आतून फुगवटा आणतात आणि त्याच पटलाचं आवरण अंगाभोवती घेऊन सुटतात. काही विषाणू असे बाहेर पडतात. जीवाणूकडून ही अपेक्षा नसते. पेशी लगेच फुटत नाही. सुटलेला जंतू पुढच्या पेशीला चिकटतो आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो.

लसिका आणि रक्तातून पसरत तो ज्या पेशींत मुक्काम करतो, त्यांत रक्तवाहिन्यांना आतून अस्तर करणाऱ्या एंडोथेलियल पेशी महत्त्वाच्या. रक्तवाहिन्या सगळीकडे आहेत, म्हणून आजारही सगळीकडे दिसतो. डोकं प्रचंड दुखतं, अंग मोडून येतं, खोकला लागतो, यकृताचे आकडे वाढतात, प्लेटलेट उतरतात. अस्तर बिघडलं की रक्तातलं पाणी झिरपून ऊतींमध्ये आणि फुप्फुसांत साठतं. एकाचा आजार ‘न्यूमोनिया’ म्हणून दाखल होतो, दुसऱ्याचा ‘कावीळ’ म्हणून, तिसऱ्याचा ‘मेंदूज्वर’ म्हणून, ते यामुळेच.

दुसरं काम: खपली शोधा

चावलेल्या जागी जंतू वाढले की तिथली कातडी मरते आणि काळी, कोरडी खपली धरते. सिगारेटचा चटका बसल्यासारखी दिसते, भोवती लालसर कडा असते, साधारण अर्धा ते दोन सेंटिमीटर. डॉक्टर तिला ‘एस्कार’ म्हणतात. तापाच्या रुग्णात ती सापडली, तर निदान जवळजवळ झालंच समजा. घरबसल्या, पैसे न लागता करता येणारी याहून मोलाची तपासणी या आजारात नाही.

पण ती शोधावी लागते. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्ण आपणहून सांगत नाही. भरपूर उजेडात, कपडे काढून, डोक्यापासून पायापर्यंत पाहायचं. काखा, स्तनांखालची घडी, नाडीची किंवा पट्ट्याची रेघ, बेंबी, जांघा, जननेंद्रियांभोवतीचा भाग, नितंबांमधली घडी, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. बायकांची तपासणी घरातल्या बाईने करावी. आज्यांच्या बाबतीत संकोच आडवा येतो, तेव्हा विचारायची पद्धत महत्त्वाची. ‘कुठे काही झालंय का?’ याला ‘नाही’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘आजी, लुगड्याच्या गाठीखाली काळी खपली धरली आहे का जी? हात लावून पाहता का?’ असं जागेचं नाव घेऊन विचारा.

ओलसर घडीत खपली काळी राहत नाही, उथळ, पिवळट जखमेसारखी दिसते. ‘घामाने सोललं’ म्हणून तिथे पावडर लावून लोक मोकळे होतात. जवळची गाठ सुजली आहे का तेही चाचपा. कमरेखाली खपली असेल तर जांघेत अवधाण आलेलं असतं, काखेजवळ असेल तर काखेत गाठ लागते.

सापडली तर दोन गोष्टी करा. मोबाइलवर फोटो काढा, आणि खपली ओढून काढू नका, त्यावर मलम-हळद लावू नका. त्या खपलीत जंतूचा अंश असतो, पीसीआर तपासणीसाठी प्रयोगशाळा तीच मागू शकते.

खपली नाहीच सापडली, तर? अनेक रुग्णांत ती नसते. त्यामुळे शंका मागे घ्यायची नाही.

तिसरं काम: योग्य तपासणी, योग्य दिवशी

मलेरियाचा परजीवी लाल पेशीत असतो, म्हणून रक्ताच्या काचपट्टीवर दिसतो. ओरिएन्शिया रक्तवाहिनीच्या भिंतीत आणि पांढऱ्या पेशींत लपलेला, त्यामुळे काचपट्टी उपयोगाची नाही. ब्लड कल्चरच्या बाटलीत कितीही पोषक द्रव असला तरी जिवंत पेशी नसतात, म्हणून तिथेही तो वाढत नाही. ‘कल्चर निल आलं, म्हणजे इन्फेक्शन नाही’ हा निष्कर्ष या आजारात साफ चुकीचा आहे.

राहतो तो अप्रत्यक्ष मार्ग: शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं मोजायची. त्यासाठी आयजीएम एलायझा ही तपासणी असते. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो, तापाच्या पाचव्या-सातव्या दिवसाआधी ती बहुधा पुरेशी नसतात. तिसऱ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ काहीच सांगत नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताची किंवा खपलीची पीसीआर अधिक कामाची. स्वस्त आणि जुनी वेल-फेलिक्स तपासणी अजून काही ठिकाणी होते. तिच्यात ओएक्स-के या प्रोटियस जीवाणूच्या प्रकाराशी प्रतिपिंडं जुळतात का ते पाहतात. ती बऱ्याच खऱ्या रुग्णांना चुकवते, म्हणून तिच्या ‘नाही’वर थांबू नये.

सोबत डेंग्यू आणि मलेरियाच्या तपासण्या होऊ द्या, कारण मोसम सगळ्यांचाच आहे. डॉक्टरांना चार वाक्यांत सांगा: ताप कोणत्या तारखेपासून, शेत-गवताशी संबंध केव्हा, खपली आहे की नाही, आणि आजवर कोणती अँटिबायोटिक घेतली. शेवटचा प्रश्न स्पष्टपणे विचारायलाही हरकत नाही: ‘डॉक्टरसाहेब, स्क्रब टायफस असू शकेल का?’

प्लेटलेटबद्दल थोडं. या गावात प्लेटलेटचा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जातो आणि तो उतरला की घरात पपईच्या पानांचा रस सुरू होतो. स्क्रब टायफसमध्येही प्लेटलेट उतरतात. आकडा पाहून ‘डेंग्यूच’ म्हणत रसावर पाच दिवस घालवले, तर जंतूला तेवढे दिवस मिळतात.

चौथं काम: पेशीच्या आत पोचणारं औषध

तापाला अनेकदा पहिलं इंजेक्शन सेफ्ट्रिॲक्सोनचं लागतं. टायफॉइडवर ते चांगलं आहे. इथे ते निकामी. पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन गटातली औषधं जीवाणूच्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकनची बांधणी मोडतात, आणि ओरिएन्शियाच्या भिंतीत तो पदार्थ अत्यल्प असतो. जेंटामायसिनसारखी औषधं पेशीद्रवात नीट पोचत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाला हा जंतू मुळातच फारसा जुमानत नाही.

उपयोगी पडतात ती दोन स्वस्त, जुनी औषधं, डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन. दोन्ही पेशीच्या आत शिरतात आणि जंतूची प्रथिनं बनवणारी रायबोसोम्स अडवतात. प्रौढांना डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. गरोदर बायकांना अझिथ्रोमायसिन. लहान मुलांना वजनाप्रमाणे डॉक्सिसायक्लिन देता येतं. ‘दात पिवळे होतील’ ही जुनी भीती छोट्या कोर्सला लागू होत नाही. शंका पक्की असेल तर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करणं योग्य, पण तो निर्णय डॉक्टरांचा. मेडिकल स्टोअरमधून परस्पर पट्टी आणू नका.

गोळी घ्यायची रीत लक्षात ठेवा. डॉक्सिसायक्लिन पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून घ्या, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी. दूध, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध यांच्यासोबत नको, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. उन्हाने कातडी लवकर भाजते, तेवढे दिवस वावरात जाणं टाळावं.

औषध बरोबर असेल तर बहुतेकदा ४८ तासांत ताप उतरतो. हीसुद्धा एक प्रकारची तपासणीच आहे. दोन दिवसांत काहीच फरक नसेल, तर दुसरं निदान किंवा गुंतागुंत शोधायला परत जायचं. आणि फरक पडला तर गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. ही औषधं जंतूची वाढ थोपवतात, उरलेला निपटारा शरीराला करायचा असतो.

गंभीर रुग्णांबद्दल अलीकडची एक पक्की माहिती आपल्याच देशातली आहे. भारतातल्या सात रुग्णालयांत सुमारे ८०० गंभीर रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शिरेतून दोन्ही औषधं एकत्र देणं हे एकेकटं औषध देण्यापेक्षा सरस ठरलं. ती पद्धत रुग्णालयातली आहे, घरी दोन पट्ट्या एकत्र खाण्यासाठी नाही.

केव्हा थांबायचं नाही

श्वास लागणं, बोलताना धाप, लघवी कमी होणं, डोळे पिवळे दिसणं, बडबड किंवा झोपाळूपणा, झटका, रक्तदाब खाली जाणं. यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका. आयसीयू असलेल्या ठिकाणी न्या. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, जे जवळ पडेल ते. रामटेक, उमरेड, नरखेडकडून निघणार असाल तर आधी १०८ ला फोन करा.

‘दोन सलाईन चढवून घ्या, तरतरी येईल’ हा गावोगावचा सल्ला इथे घातक होऊ शकतो. रक्तवाहिन्यांचं अस्तर गळतं झालेलं असताना बेसुमार चढवलेलं पाणी फुप्फुसांत उतरतं. सलाईन लागेलही, पण मोजून, रक्तदाब आणि लघवीवर लक्ष ठेवून.

घरच्यांनी

रुग्णाला वेगळं ठेवायची गरज नाही. ताट-वाटी, अंथरूण, खोकला यांतून हा आजार पसरत नाही. शरीराच्या आत पेशीमागून पेशी गाठणारा हा जंतू एका माणसातून दुसऱ्यात जायला मात्र असमर्थ आहे, त्याला चिगर लागतो. माइटची मादी तो अंड्यांमधून पुढच्या पिढीला देते, त्यामुळे एकाच जागी तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून त्याच वावरात काम केलेल्या बाकीच्यांवर नजर ठेवा. त्यांना ताप आला तर तारखांचं काम लगेच सुरू करा.

चिगरला अंगापर्यंत येऊ न देणं

लस नाही. जे करायचं ते गवत आणि अंग यांच्यामध्ये. निंदणाला किंवा सोंगणीला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा मोज्यात खोचलेला, शक्य तर गमबूट. निंदण बसून करावं लागतं, हे शहरातल्या सल्ल्यांमध्ये कुणी लक्षात घेत नाही. बसायला जाड पोतं किंवा प्लास्टिकची ताडपत्री न्या. उघड्या अंगावर डीईईटी हे कीटक दूर ठेवणारं द्रव्य असलेलं मलम, कपड्यांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी (अंगावर नव्हे). डबा खायला गवतात बसू नका, धुतलेले कपडे कुंपणावर किंवा हिरवळीवर वाळत घालू नका.

घरी आल्यावर लगेच गरम पाण्याने, साबणाने, अंग घासून अंघोळ. चिगर चिकटून जंतू सोडेपर्यंत काही तास जातात, तेवढ्यात घासलं गेलं तर वाचलात. अंगावरचे कपडे खुंटीला न टांगता सरळ गरम पाण्यात. घराभोवतीचं झुडूप आणि गोठ्यालगतचं गवत कापून ठेवा, कुटाराचे ढीग घराच्या भिंतीला लागून नकोत, उंदरांना तिथेच आसरा मिळतो.

एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, असंही नाही. ओरिएन्शियाचे अनेक प्रकार आहेत आणि ज्या प्रथिनाला शरीर ओळखतं तेच प्रकाराप्रकारांत बदलतं, त्यामुळे पुन्हा लागण होऊ शकते. आयजीएम मात्र बरं झाल्यावरही काही महिने रक्तात राहू शकतं. पुढे पुन्हा ताप आला आणि तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली, तर ते जुनं की नवं हे ठरवायला डॉक्टरांना या वेळचा रिपोर्ट हवा असतो. तो तारखेसकट फाइलमध्ये लावून ठेवा, आणि त्याचा एक फोटो मोबाइलमध्येही असू द्या.